न दिसणारा थर

अल खफजी हे नाव आपल्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा ऐकले ते १९९१ साली. आखाती युद्ध चालू असताना, जानेवारीच्या अखेरीस, इराकी सैन्य कुवेतची सरहद्द ओलांडून सौदी अरेबियाच्या या समुद्रकाठच्या गावात शिरले. चार दिवसांच्या आत लढाई संपली, सैन्य हुसकले गेले आणि जगाच्या दृष्टीने ते गावही विस्मरणात गेले. आज त्या गावाची आठवण काढण्याचे कारण युद्ध नसून पाणी आहे. आणि पाण्यापासून आरंभ करून आपल्याला दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत जायचे आहे. वाचकांना हा प्रवास विचित्र वाटेल, पण थोडा धीर धरावा.

अल खफजीला नदी नाही, तलाव नाही आणि पाऊस जवळजवळ नाहीच. १९६० साली एका जपानी कंपनीला तेथल्या समुद्राखाली तेल सापडले आणि गाव वाढले. तेल मिळाले तरी तहान तेलाने भागत नाही. पिण्याचे पाणी समुद्रातूनच काढावे लागले. २०१० साली सौदी सरकारच्या विज्ञान संस्थेने आयबीएम कंपनीच्या साहाय्याने सूर्यशक्तीवर चालणारा पाणी गोडे करण्याचा कारखाना येथे उभारण्याची योजना जाहीर केली. रोज ३०,००० घनमीटर पाणी आणि एक लाख माणसांची सोय, असा तो हिशेब होता. पुढे २०१५ साली त्याच्या दुप्पट, म्हणजे रोज ६०,००० घनमीटरच्या कारखान्याचा करार झाला. वाळवंटातल्या उन्हाने समुद्राचे खारे पाणी गोडे करायचे, ही कल्पनाच मोठी मनोहर आहे.

समुद्राचे पाणी प्रचंड दाबाने एका अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलतात. मीठ अलीकडे राहते, गोडे पाणी पलीकडे जाते. अशा कारखान्याचा सर्वांत मोठा शत्रू कोण, असे विचारले तर आपण म्हणू की मीठ. पण मिठाचा बंदोबस्त पडदा करतो. अभियंत्याला रात्री झोप लागू देत नाहीत ते जंतू. आखाताचे पाणी उथळ आणि कोमट. त्यात असंख्य जीवजंतू असतात. ते पडद्यावर येऊन चिकटतात, आपल्याभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात आणि त्या थराच्या आडोशाने वाढत जातात. पडदा तुंबतो, पाण्याचा दाब वाढवावा लागतो, खर्च वाढतो आणि शेवटी तो महागडा पडदा फेकून द्यावा लागतो.

मग क्लोरिन घालून जंतू मारून का टाकत नाहीत? पुष्कळ ठिकाणी तसे करून पाहिले गेले. परंतु क्लोरिनने पडदाच खराब होतो, म्हणून पडद्याजवळ येण्यापूर्वी तो पाण्यातून काढून टाकावा लागतो. शिवाय क्लोरिनमुळे पाण्यातील सेंद्रिय द्रव्याचे बारीक तुकडे होतात. वाचलेल्या जंतूंना तेच तुकडे आयते अन्न म्हणून मिळतात. म्हणजे विष घालायला जावे आणि शत्रूच्या पंक्तीत पान वाढून यावे, असा प्रकार. म्हणून जाणते अभियंते आता एकट्या विषावर विसंबत नाहीत. पाणी आधीच गाळून जंतूंचे अन्न कमी करायचे, पडदे वेळच्या वेळी धुवायचे आणि मुख्य म्हणजे दाबाच्या काट्यावर रोज डोळा ठेवायचा, हा त्यांचा नेम असतो. काटा चढू लागला की थर बसू लागला, असे समजायचे.

थर म्हणजे काय

या थराला शास्त्रज्ञ बायोफिल्म म्हणतात. नाव नवे असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. न घासलेल्या माठाच्या आतून बोट फिरवले तर जी बुळबुळ लागते ती हीच. मोरीच्या जाळीखाली, फुलदाणीच्या देठांवर, पाण्याच्या टाकीच्या तळाशी ती असते. सकाळी उठल्यावर दातांवर जिभेला लागणारे किटण हाही असाच एक थर.

या किटणाचा पहिला अभ्यासक हॉलंडमधील एक कापडाचा व्यापारी होता. आंतोनी व्हान लीवेनहूक हे त्याचे नाव. स्वतः घासून बनवलेल्या भिंगातून त्याने १६८३ साली आपल्या दातांवरचे किटण पाहिले आणि त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसल्याचे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. त्याने एक प्रयोगही केला. दातांवर व्हिनेगर लावून पाहिले, तरी किटणातले जीव जिवंतच राहिले. पण तेच किटण खरवडून व्हिनेगरात कालवले, तेव्हा ते तत्काळ मेले. त्यावरून त्याने अनुमान काढले की व्हिनेगर फक्त वरच्या वरच्या जीवांपर्यंत पोचते, आतल्यांपर्यंत पोचत नाही. आजच्या शास्त्राने हजार उपकरणे लावून जे सिद्ध केले, त्याचे सार या व्यापाऱ्याच्या एका प्रयोगात आले आहे. थरातले जंतू औषधाने सहजी मरत नाहीत. आधी थर मोडावा लागतो.

सुटा जंतू पाण्यात तरंगत असतो तेव्हा तो दुबळा असतो. पण एकदा तो पृष्ठभागाला चिकटला की चिकट द्रव्य सोडतो. त्यात दुसरे येऊन मिळतात, निरनिराळ्या जातींचे जंतू एकत्र नांदतात आणि एक गावच वसते. त्या गावाला तटबंदी असते. जंतुनाशक बाहेरच्या भिंतीवर आपली शक्ती खर्च करते. आतले काही जंतू जवळजवळ झोपी गेलेले असतात. वाढणाऱ्या जंतूंना मारणारी औषधे अशा झोपलेल्यांवर फारशी चालत नाहीत. अधूनमधून या गावातून काही जंतू सुटून पाण्याबरोबर पुढे जातात आणि नवी वसाहत करतात. शरीरात बसवलेला कृत्रिम सांधा, मूत्रनलिका किंवा हृदयाची कृत्रिम झडप यांवर असा थर बसला तर प्रतिजैविकांचे इंजेक्शन देऊनही आजार उलटतो, त्याचे कारण हेच.

खुर्चीची नळी

आता दंतवैद्याकडे जाऊ. त्याच्या खुर्चीला जोडलेल्या यंत्रातून दात कोरताना पाण्याचा फवारा येतो. ते पाणी जेमतेम दोन मिलिमीटर रुंदीच्या लांबलचक प्लॅस्टिकच्या नळीतून येते. दिवसभरात पाणी थोडे थोडे वाहते. रात्री आणि रविवारी ते नळीतच थांबून राहते. नळी जितकी बारीक, तितका पाण्याच्या मानाने तिचा आतला पृष्ठभाग अधिक. नळीच्या भिंतीलगत पाण्याची गती जवळजवळ शून्य असते. जंतूंना चिकटून बसायला याहून सोयीची जागा कोणती? अल खफजीच्या पडद्यावर जे घडते तेच येथे घडते. फरक इतकाच की तेथे तहानलेले गाव आहे आणि येथे उघडे तोंड.

इंग्लंडमधील एका निरीक्षकाने १९६३ सालीच दाखवून दिले होते की या नळ्यांतून येणारे पाणी जंतूंनी भरलेले असू शकते. काळजी न घेतल्यास नव्या खुर्चीच्या पाण्यातही थोड्याच दिवसांत एका मिलिलिटरमध्ये लाखाच्या घरात जंतू सापडतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००३ च्या मार्गदर्शनात नेहमीच्या उपचारासाठी हे प्रमाण ५०० च्या वर नसावे असे सांगितले. हाड उघडे पडेल अशा शस्त्रक्रियेसाठी तर नळीचे पाणी मुळीच वापरू नये, निर्जंतुक पाणीच वापरावे, असा दंडक घातला.

बहुतेक रोग्यांना या पाण्याने काही होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. निरोगी शरीर बरेच काही सहन करते. पण सगळीच शरीरे निरोगी नसतात. २०११ साली इटलीत ८२ वर्षांची एक बाई लेजिओनेला जंतूच्या न्यूमोनियाने दगावली. त्या दिवसांत ती घराबाहेर पडली होती ती केवळ दंतवैद्याकडे जाण्यासाठी. तपासात तिच्या फुप्फुसातला जंतू आणि दवाखान्याच्या नळीतला जंतू एकच निघाला. २०१६ साली कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे एका बालदंत दवाखान्यात लहान मुलांच्या दातांच्या मुळांवर उपचार करताना नळीतले दूषित पाणी वापरले गेले. सुमारे ७० मुलांना एका चिवट जंतूचा संसर्ग झाला. कित्येकांना रुग्णालयात राहून शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. काहींचे पुढचे कायमचे दातही गेले. त्या आईबापांनी मुलांना चांगल्या हेतूनेच तेथे नेले होते.

कुकरचे शास्त्र

पाण्याची गोष्ट झाली. आता हत्यारांची. दात काढण्याचा चिमटा, खरवडणी, सुई, कात्री ही रक्ताला लागणारी हत्यारे. ती निर्जंतुक करण्याचे खात्रीचे साधन म्हणजे ऑटोक्लेव्ह. हे यंत्र पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां याने १८७९ साली सिद्ध केले. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचे ते थोरले भावंड होय. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर उकळते आणि तेथेच थांबते. धनुर्वातासारख्या काही जंतूंची बीजे उकळत्या पाण्यातही बराच वेळ तग धरतात. पण वाफ कोंडून दाब वाढवला की तापमान १२१ अंशांवर जाते. तेथे १५ मिनिटे किंवा १३४ अंशांवर ३ मिनिटे वाफ हत्याराला लागली की ती बीजेही मरतात.

पण गृहिणींना कुकरचे एक मर्म ठाऊक असते. भांडे गच्च भरले तर मधला तांदूळ कच्चा राहतो. हत्यारांचेही तसेच आहे. एकावर एक रचलेल्या हत्यारांपर्यंत वाफ पोचत नाही. आत हवा अडकून राहिली तरी पोचत नाही. आणि हत्यारावर रक्त वाळून बसले असेल तर त्या कवचाखालचा जंतू वाचू शकतो. म्हणून क्रम असा: आधी घासून धुणे, मग तपासून पाहणे, मग कोरडे करून पिशवीत बंद करणे, मग वाफ, आणि वापरायच्या क्षणापर्यंत पिशवी न फोडणे. पहिली पायरी चुकली तर पुढच्या पायऱ्या पांगळ्या होतात. आपल्या आज्या पितळेचा तांब्या आधी राख-चिंचेने घासत, मग विसळत. न घासलेल्या तांब्यात उकळते पाणी ओतून तो स्वच्छ झाला असे त्यांनी कधीच मानले नसते.

यंत्र नीट चालले की नाही हे कळावे कसे? त्यासाठी उष्णतेला न जुमानणाऱ्या एका निरुपद्रवी जंतूची बीजे छोट्या कुपीत घालून हत्यारांबरोबर आत ठेवतात. नंतर ती उगवतात का ते पाहतात. ती मेली असतील तर बाकीचे सर्व मेले असे खुशाल धरावे. अशी परीक्षा आठवड्यातून एकदा तरी घ्यावी आणि तिची नोंद वहीत करावी असा नियम आहे. कारखान्यातला दाबाचा काटा तसा दवाखान्यातली ही कुपी.

परळची बाटली

वरील गोष्टी नव्या आहेत असे कोणी समजू नये. मुंबईच्या इतिहासात याच विषयावरचा एक दुःखद अध्याय आहे आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. त्याच साली प्लेग आपल्या मॉरिशस बेटावरही येऊन पोचला होता. परळहून लशीच्या बाटल्या हिंदुस्थानभर जाऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात पाच बाटल्यांतून १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही दगावले. हे सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीचा क्रमांक होता ५३ एन. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

दोष कोणाचा? लस निर्जंतुक ठेवण्यासाठी पूर्वी तिच्यात कार्बोलिक आम्ल घालीत. हाफकिन यांनी ते वगळून उष्णतेवर भर दिला होता. ही पद्धत अधिक शास्त्रशुद्ध होती. पण सरकारला कारण हवे होते आणि ते आयते सापडले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. दूषितपणा परळलाच शिरला, असा ठपका आला. ज्या माणसाच्या लशीने हजारोंचे प्राण वाचवले होते, त्याला आपले पद गमवावे लागले.

पण चौकशीच्या कागदपत्रांत एक साधी गोष्ट नोंदलेली होती. त्या दिवशी मुल्कोवालला बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा एका मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिक आम्लात नुसता विसळला आणि त्यानेच बूच काढले. धनुर्वाताची बीजे मातीत असतात आणि नुसत्या विसळण्याने ती मरत नाहीत. १९०७ साली रोनाल्ड रॉस व इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स' पत्रात हा अन्याय चव्हाट्यावर मांडला. तेव्हा कोठे हाफकिन यांची मुक्तता झाली आणि ते हिंदुस्थानात परतले. हेच रॉस त्याच साली हिवतापाचा अभ्यास करण्यासाठी आपल्या बेटावर आले होते, हे येथे आठवणे अप्रस्तुत होणार नाही. परळच्या त्या संस्थेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव मिळाले आणि ती आजही उभी आहे.

एकशे वीस वर्षांनंतर

मुल्कोवालला १२० वर्षे झाली. आता तरी असे होणार नाही, असे आपल्याला वाटते. पण तमिळनाडूत वेल्लोरच्या आसपासच्या भागात २०२२-२३ मध्ये डॉक्टरांना मेंदूच्या एका विचित्र आजाराचे रुग्ण दिसू लागले. ताप, डोकेदुखी, बोलण्यात अडखळणे, चेहऱ्याचा लकवा आणि मग मृत्यू. एकंदर २१ रुग्ण नोंदले गेले. जंतू होता मेलिऑयडोसिसचा. तो माती आणि साचलेल्या पाण्यात राहतो, स्वतःभोवती थर बांधतो आणि पाण्यात वर्षानुवर्षे जगू शकतो. तपास करता करता असे दिसले की या २१ पैकी १० जणांनी वाणियंबाडी गावातल्या एकाच दवाखान्यात दातांवर उपचार घेतले होते. त्या दहांपैकी आठ जण दगावले. दातावाटे आत शिरलेला जंतू मेंदूपर्यंत पोचला होता.

दवाखान्यात जखम धुण्यासाठी सलाइन वापरीत. कारखान्यातून ते निर्जंतुकच आले होते. पण बाटलीचे तोंड निर्जंतुक न केलेल्या एका हत्याराने उघडीत, उरलेले सलाइन तसेच सैल बंद करून ठेवीत आणि पुढच्या रोग्यांसाठी तीच बाटली वापरीत. जंतू तेथेच शिरला आणि तेथेच वाढला, असा निष्कर्ष तपास करणाऱ्यांनी २०२५ साली प्रसिद्ध केला.

वाचकहो, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. १९०२ साली एक बाटली आणि एक चिमटा. १२० वर्षांनी पुन्हा एक बाटली आणि एक हत्यार. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला, हृदय बदलू लागला, जंतूची वंशावळ अक्षरन् अक्षर वाचू लागला. पण बूच काढणारा हात होता तेथेच राहिला.

काटा कोण पाहतो

या विषयावर बोलताना नवी यंत्रे, नवी जंतुनाशके, नवी प्रतिजैविके यांची चर्चा फार होते. ती व्हावी. पण वरच्या एकाही घटनेत शास्त्र कमी पडलेले नाही. उणीव होती ती रोजच्या साध्या कामाची आणि ते काम झाले की नाही हे पाहणाऱ्या डोळ्याची.

अल खफजीसारख्या ठिकाणी हा डोळा कधी मिटत नाही, कारण पडदा तुंबला की कारखान्याच्या मालकाचे पैसे बुडतात. ज्याचे नुकसान होते तोच काटा पाहतो, म्हणून काटा पाहिला जातो. दवाखान्यात मात्र उलटे आहे. नळीत थर बसला तरी यंत्र पहिल्यासारखेच चालते, फवारा पहिल्यासारखाच येतो आणि बिलही पहिल्यासारखेच होते. नुकसान होते ते रोग्याचे, तेही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, दुसऱ्याच गावाच्या रुग्णालयात. त्याचा आणि खुर्चीचा संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही. वेल्लोरला तो ध्यानात आला, कारण तेथे चिकित्सक डॉक्टर होते आणि रुग्ण एका भागातले होते. तेच दहा रुग्ण दहा शहरांत विखुरले असते तर?

म्हणूनच ही गोष्ट वैद्याच्या सचोटीवर सोडून भागणार नाही. बहुतेक दंतवैद्य सचोटीचेच असतात. वाणियंबाडीला किंवा मुल्कोवालला कोणाच्या मनात पाप होते असे नाही. घाई होती, काटकसर होती, 'एवढ्याने काय होते' ही सवय होती. सवयीवर उपाय शिक्षेने होत नाही. उलट शिक्षेच्या भीतीने माणूस चूक लपवतो. त्यावर उपाय म्हणजे नोंद. आणि नोंद पाहायला बाहेरचा माणूस हवा.

दुसरी गोष्ट अशी की हत्यारे धुणाऱ्या माणसाला आपण फार कमी लेखतो. रुग्णालयात त्याचा पगार सर्वांत थोडा, त्याचे शिक्षण कोणी विचारीत नाही आणि त्याची खोली जिन्याखाली. पण शल्यविशारदाची सारी विद्या त्याच्या हातून स्वच्छ होऊन येते. त्याला रीतसर शिकवले पाहिजे, पुरेसा वेळ दिला पाहिजे आणि 'हे हत्यार अजून तयार नाही' असे मोठ्या डॉक्टरला सांगण्याचा अधिकार दिला पाहिजे. मुल्कोवालच्या त्या मदतनिसाला 'चिमटा पडला, जरा थांबा' असे म्हणण्याची मुभा असती, तर १९ माणसे वाचली असती आणि एका थोर शास्त्रज्ञाची परवडही टळली असती.

आपल्या बेटाचा प्रश्न

हे सारे दूरचे आहे असे समजून पान उलटू नये. आपल्या बेटावर दर पाच प्रौढांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे. मेलिऑयडोसिसचा जंतू मधुमेही माणसावर अधिक जोराने घाला घालतो आणि त्याचा रुग्ण मॉरिशसमध्येही आढळल्याचे २००५ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. मधुमेह्याच्या हिरड्याही लवकर बिघडतात, म्हणजे त्याला दंतवैद्याकडे अधिक जावे लागते. ज्याला धोका जास्त, त्याचीच फेरी जास्त.

शिवाय आपले लोक उपचारासाठी भारतात जातात. काही सरकारच्या परदेशी उपचार योजनेतून जातात, काही स्वतःच्या खर्चाने. यात्रेला किंवा नातलगांकडे गेले की तेथे स्वस्तात दात करून घेणारेही आहेत. भारतात उत्तम दवाखाने आहेत यात शंका नाही. पण उत्तम आणि साधारण यांतला फरक पाटीवरून कळत नाही. तो विचारून घ्यावा लागतो.

आणि पाण्याचे म्हणाल तर रॉड्रिग्स बेटावर समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखाने चालू आहेतच. कोरड्या ऋतूत आपल्या गच्चीवरच्या टाक्यांवर आपली मदार असते. टाकी असो, नळी असो वा पडदा असो, थराचा नियम एकच.

तेव्हा सामान्य माणसाने काय करावे? दंतवैद्याला नम्रपणे चार प्रश्न विचारावे. हत्यारांची पिशवी माझ्यासमोर फोडाल का? यंत्राच्या नळीचे पाणी कधी तपासले होते? ऑटोक्लेव्हची साप्ताहिक परीक्षा होते का? आणि दात काढताना किंवा हाडावर काम करताना सलाइनची नवी बाटली उघडाल का? मधुमेह असेल किंवा शरीरात कृत्रिम झडप वा सांधा असेल, तर ते आपण होऊन आधी सांगावे. चांगला वैद्य या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला समाधान वाटते. जो रागावेल त्याच्याविषयी विचार करावा.

एवढ्याने भीती धरून दंतवैद्याकडे जाण्याचेच सोडू नये. उपचाराविना ठेवलेला किडका दात नळीतल्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक माणसांना आजारी पाडतो.

सरकारकडे आणि दंतवैद्यांच्या कौन्सिलकडे आपली मागणी मोठी नाही. सरकारी असो की खासगी, प्रत्येक दवाखान्यात निर्जंतुकीकरणाची वही असावी. वर्षातून काही वेळा बाहेरच्या प्रयोगशाळेने नळीचे पाणी न सांगता येऊन तपासावे. निकाल भिंतीवर लावावा. जेवणाच्या दुकानात स्वच्छतेची तपासणी होते, मग तोंडात हत्यार घालणाऱ्या जागेची का नको?

लीवेनहूकने आपल्या दातावरचे किटण पाहिले तेव्हा त्याला जे कळले ते आपण अजून पुरते आचरणात आणलेले नाही. वरून औषध ओतून आतला थर जात नाही. तो घासावा लागतो, रोज घासावा लागतो आणि घासला की नाही हे कोणीतरी पाहावे लागते. पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा तोंड उघडण्यापूर्वी एक प्रश्न विचारा. तो तुमच्यासाठी आहेच, पण तुमच्या मागून त्या खुर्चीत बसणाऱ्या, प्रश्न विचारता न येणाऱ्या लहान मुलासाठीही आहे.